डेल्फिनची शेपटी, शिलाई मशीन आणि राहतं घर

सगळ्यात आधी टपकली ती माझी धाकटी नणंद. लेक-जावई अजून जिना चढत होते, तोवर ही दारातूनच, "वहिनी, वकिलीणबाईंना बोलावलंस म्हणे? मरतेयस की काय?" म्हटलं, "तुझीच वाट बघत थांबलेय." कित्येक वर्षांनी तिनं या घरात पाय ठेवला, म्हणून हे आधी लिहिलं. वकिलीणबाई म्हणतात, मृत्युपत्र असं सुरू होत नाही. बरं बाई, आता तुमच्या पद्धतीनं.

मी, लोकांचे कपडे शिवून संसार केलेली बाई, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकात वा भिडेत न येता हे स्वतःच्या हातानं लिहिते. शाळा चौथीपर्यंतच, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ पोटात घालावं. डोकं ठिकाणावर असल्याचा पुरावा म्हणजे, कालच बटणाएवढं गोल चिन्ह चिमट्यानं प्लॅस्टिकच्या छोट्या विमानाच्या पंखावर सरळ बसवलंय.

१. राहतं घर आणि बँकेत असेल ते लेकीला. न्हाणीघराचा नळ पिळू नये, जरा उचलून बंद करावा.

२. शिलाई मशीन जावयांना. हसू नका. त्यांच्या घरचे पडदे तेच शिवतात. लेकीला सुईत दोरा ओवता येत नाही.

३. खेळण्यांच्या दुकानदाराला माझ्याकडचे सगळे रिकामे खोके. दर खेपेला विचारायचा, "आजी, नातवासाठी का?" नातू नाही मला. नात आहे, ती पोहते.

४. विमानं. इथं माझा हात अडायचा. यजमानांनी एकदा बटणांचा समजून एक खोका आणला, त्यात निघाले चेकोस्लोव्हाकियाच्या लढाऊ विमानाचे तुकडे. त्या देशाचं नाव मला वर्षभर धड म्हणता येईना, पण चित्रं बघून जोडलं. बाही जोडतो, तसा पंख. मग दुसऱ्या देशाकडे बघितलंच नाही. आव्हिया या तिकडच्या कारखान्याची ती एकावर एक पंखांची विमानं आहेत ना, त्यांच्या पंखांमधल्या तारा म्हणजे माझेच केस. जुन्यांना काळे, नव्यांना पांढरे.

लेक म्हणते, "आई, आमच्या फ्लॅटमध्ये आम्हीच मावत नाही गं." तिचं खरं आहे. पण माझ्यामागं ही भंगारात जाणार, या धास्तीनं मी हा कागद लांबवत होते.

५. आधी इथं लिहिलं होतं: "ती खुर्ची नणंदेला." कारण सांगते. डेल्फिन म्हणून शिकाऊ वैमानिकांचं जेट असतं. रंग वाळायला ते खुर्चीवर आडवं ठेवलेलं. नणंद आली आणि न बघता बसली. शेपटीवरचं आडवं पातं तुटलं ते कुठंच सापडेना. मी बोलले, तीही बोलली, "प्लॅस्टिकपायी मला घालवतेस!" तेव्हापासून अबोला.

आज वकिलीणबाईंनी हे कलम मोठ्यानं वाचलं. नणंदेनं पर्समधून रुमाल काढला. त्यात ते पातं! तिच्या शालीत अडकून तिच्या घरी गेलं होतं.

"मग तेव्हाच का नाही दिलंस?"

"तू बोलवशील म्हणून थांबले."

"आणि मी तू येशील म्हणून!"

लगेच चिकटवलं. डेल्फिन चाकांवर ठेवलं, तर ते मागं कलंडून शेपटीवरच बसलं. नाकात वजन भरायचं मीच विसरले होते! नणंद हसून हसून लाल. "तेव्हा मी बसले, आता हे बसलं. फिटंफाट!" मग डोळे पुसत म्हणाली, "वहिनी, माझी पुढची खोली रिकामीच आहे. सगळी मला दे. मऊ ब्रशानं धूळ झाडीन."

"आणि बसशील कुठं?"

"उभी राहीन गं बाई!"

तेव्हा सगळी विमानं नणंदेला, तिच्यामागं नातीला. खुर्चीही नणंदेलाच, तिनं मागून घेतली. केवढं ओझं उतरलं म्हणून सांगू!

तिला साक्षीदार म्हणून सही करायची होती. जिला मिळतं तिनं सही करू नये, असं वकिलीणबाई म्हणाल्या. तर म्हणते, "मग खुर्ची नको, सही करू दे!" मी ऐकलं नाही.

साक्षीदार: खालचे घड्याळजी (सही). समोरच्या नर्सबाई (सही).
लिहिणार: मी (सही, जरा वाकडी, हसत होते).
ठिकाण: मशीनजवळ. दिनांक: आजचा मंगळवार, आकडा वकिलीणबाई घालतील.

ता.क. डेल्फिनच्या नाकात भरायला मासे धरायच्या गळाचं शिसं घेऊन नणंद शनिवारी सकाळीच येते म्हणालीय.