गाळलेल्या जागा

सारंग,

तुझ्या रेकॉर्डी खोक्यात भरतेय. उद्या कुरिअरवाला इथे सिंगापूरला, क्वीन्सटाउनच्या घरी येऊन घेऊन जाईल. भरताना काही वाटलं नाही. भांडी आवरावीत तसंच.

शेवटी त्या दोघा ब्रिटिशांची सुरुवातीची रेकॉर्ड हाती आली. दुसऱ्यांच्या गाण्यांचे तुकडे त्यांनी न विचारता जोडले होते. हरकत घेतल्यावर तेवढे तुकडे काढले आणि मधली शांतता तशीच ठेवून रेकॉर्ड विकली. त्या शांततेत तू टेबलावर ठेका धरून गाळलेलं गुणगुणायचास. मला वैताग यायचा.

आज ती लावली. शांतता आली, मी भिंतीकडे बघत बसले. तेवढ्यात आतून श्रियाचं गुणगुणणं ऐकू आलं, टेबलावरच्या ठेक्यासकट. संगीत परत सुरू झालं तशी ती थांबली.

मी दारात गेले. मान वर न करता, इथल्या सिंगापुरी पोरांच्या ढंगात म्हणाली, "होमवर्क करतेय लाह, आई."

पोरगी तुझं नावही काढत नाही, असं मी तुला फोनवर सांगते. खरंच काढत नाही.

बाकीच्या रेकॉर्डी मिळतील. ही विचारलीस तर माझ्या हातून फुटली म्हणेन. म्हणून हे पत्र खोक्यात टाकत नाही.

अश्लेषा