टाउनोची लोखंडी अंगठी

थंडर बे,
फेब्रुवारीअखेर

प्रिय रेइनो भावोजी,

हेल्मीवहिनीचा नमस्कार. विनिपेगच्या थंडीत तुमचा गुडघा काय म्हणतोय? माझं एक बोट सोडलं तर बाकी सगळं ठीक आहे.

तुमच्या भावाची अंगठी माझ्या मधल्या बोटात अडकून बसली आहे. मार्चअखेरीस आपली नात साइमा इंजिनिअरची शपथ घेणार आणि कॅनडातल्या इंजिनिअरांच्या रीतीप्रमाणे तुम्ही तिच्या करंगळीत आजोबांची लोखंडी अंगठी घालणार, असं ठरलंय हे मी विसरलेले नाही. (बंद दाराआड तुम्ही इंजिनिअर लोक आणखी काय काय करता, ते चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात टाउनोने सांगितलं नाही. कागद गिरणीतली भांडणं मात्र सगळी सांगितली.) पण निघतच नाही, त्याला मी काय करू? लोणी लावलं, साबण लावला, बर्फाच्या बादलीत हात घालून बसले. शेजारच्या लेम्पीने दोरा गुंडाळून ओढलं, तर अंगठी जागच्या जागी आणि आम्ही दोघी खुर्चीसकट सरपणाच्या ढिगात. अग्निशामक दलाचा माणूस कापायला आला. त्याची बहीण इंजिनिअर, त्यामुळे त्याचाही हात धजेना. दोन कप कॉफी पिऊन गेला. नातीला म्हटलं, नवी चकचकीत स्टीलची घाल. तर म्हणते, "आजी, मला आजोबांचीच हवी. बोट काळं झालं तरी चालेल."

काळं होतंच. टाउनोची करंगळी कायम काळी असायची. कॉफी संपली की हा माणूस त्या करंगळीतल्या अंगठीने कपावर टकटक करायचा. "देवाने तोंड दिलंय ना?" असं मी रोज विचारायची आणि रोज ओतायची. दोन वर्षं झाली, घरात ती टकटक नाही. मला त्याची फार आठवण येते, भावोजी. तेव्हा तुमचीच अंगठी साइमाला द्या. नाहीतरी तुम्ही आता नुसते मासे पकडता.

तुमची वहिनी,
हेल्मी

ता. क. : अंगठी अडकलेली नाही. लेम्पी ओढत होती तेव्हा मी बोट वाकवून धरलं होतं. कणीक मळताना मी ती रोज काढते, परत घालते, कपावर वाजवते आणि माझी मीच उठून कॉफी ओतते.

आणखी एक : पाकीट जड लागलंच असेल. अंगठी आत आहे, टाउनोच्या लोकरी मोज्यात. समारंभ झाला की पोरीला इकडे घेऊन या. आणि तिला सांगा (मी सांगितलं म्हणू नका), आजीकडे कॉफी हवी असली तर तोंडाने मागायची नाही.