गालिच्यामागची भिंत

४ डिसेंबर, नारिन शहर
आलो एकदाचे! प्रसूतिगृहातून थेट नव्या घरात. लेक आयसेझिम तीन दिवसांची, घर तळमजल्यावरचं, भाड्याचं, पण ताज्या चुन्याचं. सासूबाई आधीच येऊन ठाण मांडून होत्या. चाळीस दिवस मायलेकींनी उंबरा ओलांडायचा नाही, हे मी कोट काढायच्या आत बजावून झालं. खिडक्यांच्या फटींवर कागद चिकटवले, पाळण्यामागच्या गार भिंतीवर त्यांच्या लग्नातला लाल गालिचा टांगला. सिमिक म्हणाला, आता आई भिंतीला टोपीही घालेल. कालचा बाप झालेला तू, मला शिकवू नकोस, असं त्या फणकारल्या. हसून हसून माझे टाके दुखले.

११ डिसेंबर
दूध यावं म्हणून दिवसातून तीनदा मटणाचा रस्सा. वाफेने काचा सतत ओघळतात. कसला तरी वास येतो, ओल्या मेंढीसारखा. सासूबाई म्हणतात, बाळंतिणीला काय, कसलाही वास येतो.

१९ डिसेंबर
आयसेझिम खोकते. एवढीशी छाती आणि आत शिट्टी. माझं डोकं जड, रुमालावर नाकातलं रक्त. सिमिक ट्रक घेऊन खिंडीपलीकडे गेलाय. शेजारची झुराकान बाळ बघायला आली आणि सहज बोलून गेली: गेल्या हिवाळ्यात वरचा पाइप फुटला, ही भिंत आठवडाभर पाझरत होती, मालकाने नुसता चुना फासला. ती गेल्यावर सासूबाईंनी दृष्ट लागली म्हणून धुरी केली. खोकला वाढला.

२७ डिसेंबर
गालिचा उचलला. मागे काळी बुरशी, मऊ, लवेसारखी. सोड्याने पुसली. दोन दिवसांत परत. सासूबाई म्हणाल्या, भिंत उन्हाळ्यात बघू, बाहेर उणे पंचवीस आहे, पोरीला गारठ्यात मारायचंय का? स्वतःही खोकतात. पोरीवर त्यांचा जीव आहे, त्याचीच मला भीती वाटते.

२ जानेवारी
पाळणा भिंतीपासून दूर सरकवला — पण खोलीच केवढी. काळं कोपऱ्यापर्यंत आलंय. दवाखान्यात नेते म्हटलं. सातच दिवस राहिलेत गं, म्हणून सासूबाई रडल्या. त्यांची दोन बाळं चाळीस दिवसांच्या आत गेली. बाहेर नेलं म्हणून, असं त्या मानतात. मला आजच कळलं. कोट परत खुंटीला लावला.

५ जानेवारी, दुपार
त्या नान आणायला गेल्या. बाहेरून कुलूप — आमच्या भल्यासाठी. ओठ निळसर, की उजेडच तसा? हाका मारल्या. झुराकान घरी नाही —

थोड्या वेळाने
खोकला थांबला. शिट्टीही नाही. गाढ झोपली — नाही, इतकी शांत ती कधीच — काच फोडते. आधी काच, मग तिला