होडीच्या पेटीतल्या चिठ्ठ्या

अक्का,

परवा एक बाई मत मागायला दारावर आल्या. मला त्यांचं काम आवडतं, मत त्यांनाच देणार आहे. तरी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं, आणि तुमच्या दोन गोष्टी मला पटत नाहीत म्हणून सांगितलं. कुठल्या, तेही सविस्तर सांगितलं. बरोबरची मंडळी घड्याळाकडे बघायला लागली, पण मी काही थांबले नाही. त्या गेल्यावर सून म्हणाली, मत द्यायचंच होतं तर एवढं ऐकवलंत कशाला. तिला काय सांगणार? ही खोड तुझी आहे, आणि तुझ्याकडून आलेल्या सगळ्या गोष्टींत हीच मला जास्त उपयोगी पडली. पण तू गेलीस त्याला चाळीस वर्षं उलटून गेली, आणि या खोडीशी गुंतलेलं एक मी तुला कधी सांगितलं नाही. ते आज लिहून काढायचं ठरवलं आहे.

आपण रंगारी. पेठेतल्या विणकरांचं सूत आणायचं, रंगवायचं, गल्लीमागच्या तळ्यात धुवायचं आणि अंगणात बांबूंवर वाळत घालायचं. घरामागच्या विहिरीला पाणी असायचं तेही त्या तळ्यामुळंच. घरात मराठी, दाराबाहेर कानडी, आणि तुझ्या तोंडी दोन्हींची खिचडी, तळ्याला तू केरेच म्हणायचीस. अण्णा कमी बोलायचे, त्यांच्या वाटचं तू बोलायचीस. झाडून सगळी गल्ली तुला अक्का म्हणायची, म्हणून पोटची पोर असून मीही अक्काच म्हणत आले. पहिल्या निवडणुकीआधी यादी करणारा कारकून आला तेव्हा सगळ्या बायकांनी अमक्याची बायको, तमक्याची आई असंच सांगितलं, आणि यादीतून सगळ्या गळाल्या. तूही माझ्याकडे बोट दाखवून 'हिची आई' म्हणाली होतीस. दुसऱ्या निवडणुकीच्या यादीला मात्र ते वकील स्वतः आपल्या ओट्यावर येऊन बसले. गल्लीतल्या लोकांचे कज्जे तेच चालवायचे. म्हणाले, "अक्का, यादीत हिची आई लिहीत नाहीत. तुमचं नाव सांगा." तू पदर सावरलास, एकदा अण्णांकडे पाहिलंस आणि नाव सांगितलंस. तुझं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मी तेव्हा बारा वर्षांची.

तेच वकील निवडणुकीला उभे राहिले, आणि आपलं घर त्यांचंच झालं. त्यांचं चिन्ह होडी. झेंड्यांचं कापड तू रंगवून दिलंस, आणि पक्क्या रंगात दिलंस, पावसात विटायला नको म्हणून. त्यांचं मोठं वचन होतं मुलींच्या हायस्कुलाचं. आपल्या भागात मुलींची शाळा सातवीला संपायची. पुढची शाळा कँटोन्मेंटच्या बाजूला, बसनं जायची, आणि बसनं म्हणजे आपल्या गल्लीतली मुलगी जाणारच नाही. मी सातवीत होते. वर्गात पहिली यायची, आणि पुढच्या वर्षी चुलीपाशी बसणार होते. आता शाळा येणार म्हणून मला आनंदानं जेवण जाईना. पण वकील ती बांधणार होते तळं बुजवून. डास होतात, हिवताप येतो, जागा सरकारचीच आहे, काम लगेच सुरू होईल, असं ते ओट्यावर बसून समजावून सांगत होते.

तू सरळ विचारलंस, "चिन्ह होडीचं घेतलंत आणि केरे बुजवायला निघालात. मग होडी चालवणार कुठं?" सगळे हसले, वकीलही हसले. तू हसली नाहीस. पेठेपलीकडं मैदान मोकळं पडलंय, शाळा तिथं बांधा. तळं गेलं तर विहीर जाईल, विहीर गेली तर आमचा रंग जाईल, असं तू त्यांना एकेक करून सांगितलंस. ते म्हणाले, मैदानाचा वाद कोर्टात आहे, पाच-सहा वर्षं तरी त्याला हात लावता यायचा नाही. मी चौकटीला टेकून ऐकत होते. पाच-सहा वर्षांत माझं लग्न होऊन कडेवर मूल आलं असतं. उठता उठता त्यांनी विचारलं, मत तरी देणार ना?

"मत देणार," तू म्हणालीस. "पण मत दिलं म्हणून गप्प बसणार नाही, सरी? कळलं ना?"

अण्णांना ते आवडलं नाही. आपल्याच माणसाला चारचौघांत असं धरू नये, म्हणाले. तू सुताची लड पिळता पिळता उत्तर दिलंस की आपल्या माणसालाच विचारायचं असतं, परक्याला विचारून काय मिळतं, आणि भीड ही भिकेची बहीण.

तेव्हा मत देण्याची रीत वेगळी होती. आज सांगितलं तर पोरांना खरं वाटत नाही. प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी, पेटीवर त्याचं चिन्ह, आणि हातात दिलेला कागद काही न लिहिता आपल्या माणसाच्या पेटीत टाकायचा. तू यातून आपलाच अर्थ काढलास. पेटी वकिलांची, म्हणजे ती उघडणार वकीलच, आपल्या नावाचं टपाल आपण उघडतो तसं. मग मताबरोबर चिठ्ठी टाकली तर ती त्यांच्याच हातात पडणार. गल्लीतल्या आठ बायकांना हे पटलं. तू बोललीस आणि पटलं नाही, असं त्यांचं कधी झालंच नव्हतं. त्या आठ आणि तू, अशा नऊ चिठ्ठ्या, आणि लिहिता येणारी मी एकटी.

दुपारची जेवणं झाली आहेत. मी जुन्या कॅलेंडरच्या पानाचे तुकडे घेऊन ओसरीवर बसले आहे. तुझे हात कोपरापर्यंत लाल आहेत, म्हणून तू कागदाला शिवत नाहीस, लांबूनच सांगतेस. "लिही. मत तुम्हालाच देते. शाळा हवीच. पण केरे बुजवू नका. स्वल्प उशीर झाला तरी मैदानातच बांधा." मी कानडीत लिहिते: मत तुम्हालाच देते. शाळा लवकर बांधा. तळ्यावर बांधली तरी चालेल. असं नऊ वेळा लिहिते. तू म्हणतेस, वाचून दाखव. मी ओळीवरून बोट फिरवत तुझी वाक्यं जशीच्या तशी वाचून दाखवते, आणि तू प्रत्येक वाक्याला मान हलवतेस. मग म्हणतेस, अक्षर छान आहे गं. मला लाज वाटली, अक्का. पण हात थांबला नाही.

वकील निवडून आले. तू मला घेऊन त्यांच्या घरी गेलीस आणि हार घालायच्या आधी विचारलंस, पेटीतल्या आमच्या चिठ्ठ्या पोचल्या ना? मी तुझ्या मागं सरकले. ते क्षणभर गोंधळले, मग हात जोडून म्हणाले, "पोचल्या अक्का, सगळ्या वाचल्या. मनात ठेवलंय." तुझं समाधान झालं. पुढं मी मास्तरीण होऊन निवडणुकीच्या कामाला जुंपले गेले, तेव्हा जुन्या कारकुनांनी सांगितलं की त्या पेट्यांतून चिठ्ठ्या, फुलं, कुंकवाच्या पुड्या काय काय निघायचं, आणि मोजणीच्या टेबलावरून ते सगळं बाजूला सारलं जायचं. म्हणजे माझ्या चिठ्ठ्या कुणी वाचल्याच नसणार. तळं बुजायचं ते बुजलंच असतं. हे कळल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. नऊ बायका माझ्यावर विसंबल्या होत्या, आणि वकिलांनी वाचलं नाही म्हणून त्यात काही फरक पडत नव्हता.

वर्षभरात तळं बुजलं. एक वर्ष घरी काढून मी नव्या शाळेत आठवीला बसले. तिसऱ्या उन्हाळ्यात विहिरीनं तळ दाखवला. अण्णा गिरणीत लागले, शेजारच्या दोन घरांनी रंगकाम सोडलं. तू सोडलं नाहीस. रंगाचा एक हंडा मी मॅट्रिक होईपर्यंत पेटता ठेवलास, आणि त्याला पाणी आणलंस दोन गल्ल्या पलीकडच्या विहिरीवरून, डोक्यावर. भरलेली घागर उतरवताना एखाद्या दिवशी म्हणायचीस, "वाचूनसुद्धा बुजवलं." मी मान खाली घालून धडा वाचत राहायची.

पुढच्या निवडणुकीला सगळ्यांची मिळून एकच पेटी आली, कागदावर शिक्का मारायचा. आता चिठ्ठी कुणाच्या हातात पडणार, असं म्हणून तू भर सभेत उभी राहिलीस. "केरे घेतलंत, आता गल्लीला नळ द्या. मत तुम्हालाच देणार. पोरगी शाळेला जाते ती तुमच्यामुळं. पण नळ येईपर्यंत सोडणार नाही." खरोखरच सोडलं नाहीस. दर सोमवारी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचीस. त्यांनी चहा दिला की प्यायचीस, आणि नळ कधी म्हणून विचारायचीस. सुताची लड पिळावी तसं पिळलंस त्यांना, आणि नळ आला. त्या सभेत मी मागं उभी होते. माझी आई आहे म्हणून शेजारच्या अनोळखी बाईला मी उगाचच सांगितलं.

त्याच शाळेत मी पुढं तीस वर्षं शिकवलं. मोठा पाऊस झाला की खालच्या वर्गांत पाणी शिरायचं, आणि मुली पाय बाकावर घेऊन गणितं सोडवायच्या. नवीन शिक्षिका चिडायच्या, कुणी बांधली इथं शाळा म्हणायच्या. मी गप्प बसायची. एरवी मी कुठंच गप्प बसत नाही, हे तुला कुणीही सांगेल.

क्षमा मागायची म्हणून आज लिहायला बसले होते. इतकं लिहून झालं, पण ती मागवत नाही. तुझी विहीर आटली, तुझी मान त्या घागरींनी दुखायची, याचं मला फार वाईट वाटतं, आजही वाटतं. पण ती दुपार, ते कॅलेंडरचे तुकडे पुन्हा समोर आले, तर मी तेच लिहीन. हे पत्र कुठं टाकायचं नाही. तू असतीस तरी ते तुला मीच वाचून दाखवलं असतं, आणि 'मी तेच लिहीन' एवढं वाक्य गाळून वाचलं असतं.