डिझेल कुठं जातं

शनि. १६ डिसेंबर १९७८

इंद्रायणीच्या पुलापुढच्या चढावर पिकअप बंद पडली. या महिन्यात तिसऱ्यांदा. खात्री: मी स्वतः, ड्रायव्हर बबनशेजारी बसलो होतो. आधीच्या दोन वेळी फक्त बबनचं सांगणं होतं आणि दादा त्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हते, म्हणून आज मुद्दाम गेलो.

सकाळचे सहा चाळीस. धुकं इतकं की बॉनेटच्या पुढचं दिसेना. मागे आमच्या साप्ताहिकाचे गठ्ठे, चाकणचे आणि खेडचे. इंजिन आधी गुदमरलं, दोन आचके दिले, गप्प झालं. बबननं बॉनेट उघडून हातपंप मारला, पाइपातली हवा काढली. बोटं गारठून लाल. दहा मिनिटांनी चालू झाली, ती खेडपर्यंत कुरकुर नाही.

टाकीचा काटा गाडी घेतली तेव्हापासून मेलेला. बबनची खाचा पाडलेली सागवानी पट्टी आहे, ती टाकीत घालून दाखवली. अर्ध्याच्या वर डिझेल. म्हणजे डिझेल संपून बंद पडत नाही. मग कशानं?

"कळलं असतं तर असे हात काळे करून बसलो असतो का, तात्या?"

सोम. १८

दादांना सांगितलं. थोरले बंधू, छापखाना आणि गाडी दोन्ही त्यांच्या नावावर. ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"वसंता, नेमकी त्याच चढावर का रे बंद पडते? तिथं ट्रॅक्टरवाले उभे असतात."

"माझ्यासमोर कोणी नव्हतं."

"तू होतास म्हणून नव्हतं."

दिवाळीपासून डिझेल जास्त लागतंय हे खरं. खेडच्या फेरीला पट्टीची एक खाच लागायची, आता दीड लागते. दादांच्या मते बबन विकतो आणि बंद पडायचं नाटक त्यासाठीच. पुढे म्हणाले, "शेवटी त्या लोकांचं..." म्हटलं, वाक्य पूर्ण करू नका. केलं नाही. पण असलं अर्धं वाक्य पूर्णच असतं. साप्ताहिकाआधी दैनिकाच्या संपादकीय टेबलावर बावीस वर्षं दुसरं काय पाहिलं.

बबन गायकवाड, रहाटणीचा. सात वर्षं आमच्याकडे. एकदाही गठ्ठा उशिरा पोचलेला नाही. बंद पडते त्या दिवशीसुद्धा पुढे भरून काढतो.

शनि. २३

कडाका. सेल्फ मारला की इंजिन नुसतं फिरतं, पेटत नाही. कंपोझिटर, बाइंडर, मी आणि दारात आलेला दूधवाला अशांनी मिळून ढकलली. दूधवाला म्हणाला, "तात्या, ढकलणाऱ्याला अंक फुकट ना?" दिला एक.

चार हीटर प्लगांपैकी दोन गेलेत. इंजिनाला गरमीच मिळत नाही, थंडीत पेटणार कसं? बबननं हे दिवाळीतच सांगितलं होतं. मी म्हटलं होतं, पुढच्या महिन्यात बघू. हा पुढचा महिना.

मंगळ. २६

पिंपरीच्या एका मोठ्या कंपनीचं पत्र. बबननं तिथं ड्रायव्हरच्या जागेसाठी अर्ज केलाय, कायम नोकरी. अर्ज मीच लिहून दिला होता. आता आमचं मत मागतात: अनुभव, अपघात, वर्तन, प्रामाणिकपणा. खाली मालकाची सही. उत्तर आठवड्यात हवं.

पत्र दादांच्या हातात पडलं. खिशात घातलं.

शनि. ३०

पुन्हा तोच चढ. बबन एकटाच होता. मिस्त्रीनं आठवडाभरात फिल्टर बदलला, फीड पंप उघडून साफ केला. फरक शून्य.

दादा: "नाटकाला मिस्त्री काय करणार?"

मंगळ. २ जानेवारी १९७९

पत्र गेलं. दादांना 'चोरीचा संशय आहे' असं हवं होतं. तासभर वाद. शेवटी मी लिहिलं: "त्यांच्या प्रामाणिकपणाविरुद्ध आमच्याकडे निश्चित असा पुरावा नाही." दादांनी सही केली. वाद मिटला, कोणावर अन्याय नाही, खोटंही नाही. वाक्य जमलं म्हणून बरंसुद्धा वाटलं.

शनि. ६

बबन पहाटे नेहमीसारखा आला. गठ्ठे भरले, मग माझ्या टेबलापाशी उभा राहिला. काल कंपनीत बोलावलं होतं. तिथल्या क्लार्कनं आमचं पत्र वाचून दाखवलं आणि असं पत्र असताना नाव पुढे जाणार नाही म्हणाला. बबननं ते वाक्य मला म्हणून दाखवलं, शब्दही इकडचा तिकडे नाही.

म्हटलं, सही दादांची आहे.

"सही त्यांची. दादांनी लिहिलं असतं तर सरळ 'चोर आहे' लिहिलं असतं. ही भाषा तुमची, तात्या. सात वर्षं गाडीत बसून तुमचे अग्रलेख वाचतोय, मला कळत नाही होय?"



"आजचे गठ्ठे पोचवून येतो."

पोचवले. एक वाजता परत. चावी माझ्या टाचण्यांच्या डबीत ठेवली, शेजारी सागवानी पट्टी ठेवली. "जय भीम, तात्या." रोज निघताना म्हणतो तसंच, आवाजात काही नाही. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर जेवण गेलं असतं.

मंगळ. ९

टाकीत चिंधी होती. खात्री: कोंडिबा मिस्त्री, चिखली, कंपोझिटरही हजर होता.

पहिला मिस्त्री सोडून कोंडिबाला आणलं. त्यानं इंजिनाला हात लावला नाही. एवढंच विचारलं, "चढाला बंद पडती आन उभी ठिवली की चालू व्हती, असंच न्हवं?" आणि थेट टाकी उतरवली. डिझेल घमेल्यात काढलं, टाकी पालथी करून हलवली. तारेच्या आकड्यानं ओढून काढली: पांढऱ्या कापडाची पट्टी, वीतभर लांब, डिझेलनं काळवंडलेली.

"ह्यो बगा तुमचा चोर. चढाला इंजिन जादा डिझेल वढतंय. मग ही जाती आन पायपाच्या तोंडाला बसती. इंजिन बंद पडलं की वढ संपली, ही पडली खाली. पुन्यांदा गाडी चालू. तुमी म्हननार डायवर नाटकं करतोय."

कोणी सांगितलं होतं त्याला? कोणी नाही. अशा गाड्या पाहिल्यात, म्हणाला.

चिंधी रॉकेलमध्ये धुतली. एका कोपऱ्यात दोन ठिपके, खाली आडवी रेघ. आमच्या घरची धोब्याची खूण. बिब्ब्याची असते, ती साबणानं जात नाही, डिझेलनंही गेली नाही. कापड धोतराचं. घरात धोतर एकटे दादा नेसतात.

वहिनींना दाखवली. म्हणाल्या, "मीच फाडून दिलं जुनं. चष्मा पुसायला मागितलं होतं ह्यांनी, दिवाळीनंतर."

बुध. १०

काल विचारलं नाही. तोंडातून काय निघेल याची खात्री नव्हती.

आज विचारलं. दादांनी चिंधी डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. मग सांगितलं. नोव्हेंबरपासून रोज पहाटे, बबन यायच्या आधी, स्वतः टाकी मापत होते. वेताच्या काठीनं. काठीवरची ओल दिसेना, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, म्हणून टोकाला पांढरी पट्टी गुंडाळली. त्यावर डिझेलचा डाग कळतो. एक दिवस काठी वर आली, पट्टी आली नाही.

"सांगितलं का नाही?"

"काय सांगणार? चोरून मापत होतो म्हणून?"

चोर पकडायला टाकीत चिंधी घातली, चिंधीनं गाडी बंद पाडली आणि बंद पडते म्हणून तो चोर. हे मी त्यांना याच शब्दांत ऐकवलं. ऐकून म्हणाले, "ठीक आहे, नाटक करत नव्हता. पण जास्तीचं डिझेल जातं कुठं, ते चिंधीवरून कुठं कळतं?"

उठून बाहेर आलो. बावीस वर्षांत टेबलावर कोणावर आवाज चढवला नाही, लोक त्याचं कौतुक करायचे. आज वाटतं, त्या दिवशी पत्र फाडून त्यांच्या अंगावर टाकायला हवं होतं. आवाज चढवला नाही म्हणून तर ते वाक्य लिहिता आलं.

गुरु. ११

रहाटणीला गेलो. बबन घरी होता, सायकलचं पंक्चर काढत होता. सगळं सांगितलं, चिंधी दाखवली. त्यानं ती उन्हात धरून पाहिली.

"मग आता मी काय करू? ही चिंधी घेऊन कंपनीत जाऊ?"

"मी जातो."

"जा. पण एक सांगतो, तात्या. दादा मापत होते ते मला माहीत होतं. टाकीच्या झाकणाला रोज सकाळी ताज्या डिझेलची बोटं असायची. मला वाटलं, मापू द्या. मापून तरी कळेल."

मला माहीत नव्हतं. मी त्याच इमारतीत बसतो.

चहा नको म्हटलं तर त्याची आई रागावली. "गाडीवरचा राग कपावर नका काढू." घेतला.

शुक्र. १२

कंपनीत गेलो. ज्यानं पत्र वाचून दाखवलं तोच क्लार्क. सज्जन आहे. मी लिहून नेलेलं दुसरं पत्र त्यानं घेतलं नाही. "पहिलं फायलीला लागलं. साहेब म्हणतात, मालकानं स्वतः समोर येऊन लिहून दिलं तर बघू. यादी सोमवारी सकाळी वर जाते."

"मालकाचा भाऊ चालेल?"

"सही कोणाची होती?"

घरी येऊन दादांना निरोप दिला. हूं म्हणाले. हूं म्हणजे काय, तेही मीच लिहायचं का?

शनि. १३

गठ्ठे मीच नेले. दुसरा ड्रायव्हर शोधायची इच्छा झाली नाही. दूधवाल्यासकट सगळ्यांनी ढकलून चालू केली. चढावर काही झालं नाही. टाकी साफ आहे.

मोशीला पहिला थांबा. गठ्ठा टाकायला उतरलो, सवयीनं इंजिन बंद केलं. मग सुरू होईना. अर्धा तास गेला. विटा वाहणाऱ्यांनी धक्का दिला, वर टोमणा: "बंद कशाला करता राव, थंडीच्या दिवसात?" त्यानंतर नाही केली. प्रत्येक थांब्यावर चालू ठेवूनच उतरलो. कुरुळी, चाकण, खेड, सगळीकडे. चाकणच्या एजंटाला बाजार उरकायचा होता, तिथं तर पाऊण तास नुसती धडधडत उभी.

परत आल्यावर सागवानी पट्टी घातली. दीड खाच.

म्हणजे डिझेल तिथं जात होतं. थंडीत, थांब्यांवर, मेलेल्या हीटर प्लगांपायी. बबन दिवाळीपासून हेच करत होता, कारण त्याला वेळेवर पोचायचं होतं; सोळा तारखेला शेजारी बसूनही ते माझ्या लक्षात आलं नाही. प्लग मागितले तेव्हा ज्यानं 'पुढच्या महिन्यात' म्हटलं त्यानंच त्याच्या प्रामाणिकपणावर ते वाक्य लिहिलं. दादांनी चिंधी टाकली. डिझेल मी जाळलं.

पट्टी ओली होती तशीच दादांसमोर धरली. सांगितलं, आज बबन नव्हता, मी होतो, आणि दीडच लागलं. त्यांना ओलीची रेघ दिसेना. पट्टी हातात घेतली, अंगठा खाचांवरून फिरवला. एक. मग अर्धी. पुन्हा पहिल्यापासून फिरवला.

"दीड," म्हणाले.



रवि. १४, संक्रांत

कोंडिबानं सकाळी येऊन चारही हीटर प्लग बसवले. सणाचा आलास, म्हटलं. "सनाला गाडी न्हाई का थंडी वाजत?" पहिल्या चावीला चालू झाली. इतकं सोपं होतं.

वहिनींनी तिळगूळ दिला. दादांनीही पुढे केला. घेतला, 'गोड बोलतो' मात्र म्हटलं नाही. त्यांनाही ते जाणवलं असावं, हात जरा तसाच राहिला.

दुपारी बबनला निरोप पाठवला होता, सकाळी गाडीतूनच जाऊ. उत्तर आलं: गाडीत बसणार नाही, आठ वाजता कंपनीच्या फाटकापाशी उभा राहीन. कोणाला आणायचं ते तुम्ही बघा.

नवं पत्र तयार आहे. चार ओळी. चिंधी कोणाची, डिझेल कशानं जास्त लागलं, सात वर्षांत काय पाहिलं आणि आधीचं वाक्य चूक होतं. तोल सांभाळलेला नाही. सहीची जागा कोरी आहे.

संध्याकाळी दादांनी वहिनींकडून कोट मागून घेतला. झटकून खुंटीला लावला. तो ते बाहेर जातानाच घालतात.

सात वाजता गाडी सुरू करायची. ती होईल.