ताई बोलेपर्यंत विमान जमिनीवर

तीर्थरूप ताईस,

रागावलेल्या माणसाला जरा लांबून करतात तसा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? मी धडधाकट आहे आणि तुला वाटतं तसा हवेत नसून पक्का जमिनीवर आहे.

हौशी वैमानिकांच्या क्लबात नाव घातलं म्हणून तू बोलणं टाकलंस, त्याला चार महिने झाले. मला वाटलं होतं, तिथे छाती लागते. (पहिल्याच दिवशी मी रुबाबात सांगितलं की मला भीती वाटत नाही. शिकवणाऱ्या बाईंनी लगेच वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते विचारायची अजून भीती वाटते.) लागतो तो संशय! टाकीतलं थोडं पेट्रोल बाटलीत काढून उजेडात धरायचं, त्यात पाणी दिसतं का बघायचं. पंखाचा एकेक स्क्रू बोटाने चाचपायचा. मी जन्माचा घड्याळजी, तरी गार पडलो. एका रविवारी वारा आडवा, दुसऱ्या रविवारी ढग खाली. मग सुरक्षित कधी असतं, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, पूर्ण सुरक्षित कधीच नसतं; काय काय बिघडेल ते आधी शोधायचं आणि आज नको म्हणायला लाजायचं नाही. मला हे इतकं पटलं, की हल्ली मी दूध तापवण्याआधीसुद्धा गॅसभोवती एक फेरी मारतो. (बायको वैतागली आहे.)

शेवटी एकदाचं आभाळ मोकळं मिळालं. आता तपासायचा राहिला उडवणारा. झोप झाली का, औषध घेतलंय का, मनाला काही लागलंय का? खोटं बोललो की माझे कान लाल होतात, तुला ठाऊकच आहे. ताई बोलत नाही, असं सांगून टाकलं. बाईंनी विमानाची किल्ली खिशात घातली. डोक्यात भांडण असलं की यंत्रावरचा काटा दिसतो, पण वाचला जात नाही म्हणे. तेव्हापासून दर रविवारी मेकॅनिकसकट सगळे विचारतात, ताई बोलल्या का?

तुझा,
धाकटा

ता. क. बायको म्हणते, हे कळवून मी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. आता तू मुद्दामच बोलणार नाहीस. उडणं राहिलं तर राहू दे. तुझ्याशिवाय करमत नाही, फोन कर.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तोच बाईंचा फोन आला. अर्जात 'काही झाल्यास कुणाला कळवावे' इथे मी तुझाच नंबर दिला होता. तो बरोबर आहे का हे बघायला त्यांनी आज तुला फोन केला, तर म्हणे तू अर्धा तास सोडेचनास! बाटली कोण बघतं, वारा कोण मोजतं, आणि मोजणाऱ्याला कोण तपासतं? असे प्रश्न आजवर एकाही विद्यार्थ्याने विचारले नाहीत म्हणाल्या. विमानात आणखी एक जागा असते, ताई. फक्त बसणाऱ्याचं वजन आधी कळवावं लागतं. खरं. आणि ते मलाच, तोंडाने.