बिनवासाचा माणूस

४ ऑक्टोबर, सोमवार

आज उठल्याउठल्या सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी केली. ल्युएलाला विचारलं, गुडघा कसा आहे? बरा आहे म्हणाली. सर्दीबिर्दी? नाही. नाक मोकळं? ती माझ्याकडे बघतच राहिली. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, पण मी तिच्या नाकाची विचारपूस कधी केली नव्हती.

मग मॅडिसनला राहणाऱ्या लेकीला फोन. मर्ना, पोरी, बरी आहेस ना, नाक कसं आहे? धुळीनं चोंदलंय म्हणाली. मर्ना बाद. मेव्हण्याला, डर्विनला फोन. तो म्हणाला, पाठ दुखते, दाढ दुखते, आणि तुला रे सकाळी सकाळी कसला पुळका आलाय? त्याचं नाक सिगारनं केव्हाच कामातून गेलंय. गस कुत्रा म्हातारा झालाय, पण नाक शाबूत.

निष्कर्ष: कामाची नाकं दोन. बायकोचं आणि गसचं.

मोहीम अशी. शिकारीचे गेले दोन हंगाम मी हरणाशिवाय परत आलो. ओकच्या टेकाडावरचं मचाण माझ्या वडिलांनी बांधलं. नियमही त्यांचाच. लागोपाठ तीन हंगाम जो रिकाम्या हातानं उतरेल, त्यानं मचाण पुढच्याला द्यायचं आणि कॅम्पवर चूल सांभाळायची. त्यांनी स्वतः पाळला, म्हणून तर मचाण माझ्याकडे आलं. माझ्या पुढचा नंबर डर्विनचा. इतकी वर्षं खाली दलदलीत बसून तो वर बघतोय.

कारणाचा पुष्कळ शोध घेतला. नेम? उत्तम. डोळे? ऑपरेशननंतर घारीसारखे. चिकाटी? माझ्याइतका वेळ कोणी बसत नाही. उरला एकच मुद्दा. माझा वास. हरणाला माणूस दिसायच्या आधी कळतो तो नाकानं. तेव्हा नोव्हेंबरपर्यंत नॉर्व्हल वांटा या माणसाला वास उरता कामा नये. ठरलं.

६ ऑक्टोबर, बुधवार

बिनवासाचा साबण आला. सकाळ-संध्याकाळ आंघोळ. खायच्या सोड्यानं काखा घासल्या. चुरचुरतं. म्हणजे लागू पडतंय.

ल्युएला दारातून म्हणाली, माझी सगळी उमर गेली तुला रोज आंघोळ कर म्हणून सांगण्यात. आता हरणांसाठी दोनदा?

तिला म्हटलं, तू पळून जात नाहीस. ती म्हणाली, माझी चूकच झाली ती.

१० ऑक्टोबर, रविवार

शिकारीचे कपडे सोड्यात धुतले. मशीनमध्ये नाही, मशीनला फुलांचा वास येतो. बाहेर दोरीवर वाळत घातले, मोकळ्या हवेत. नेमकं त्याच दुपारी शेजारच्या गोठेवाल्यानं शेतात शेणखत पसरलं. आधी जीव चरफडला. मग विचार केला, इथल्या हरणांना गाय परकी आहे का? उलट बरंच झालं. कपडे ओकच्या पानांसकट पत्र्याच्या पेटीत बंद केले.

१५ ऑक्टोबर, शुक्रवार

जो आतून वास सोडतो त्याच्या कातडीला साबण काय करणार? आजपासून कांदा बंद. लसूण बंद. सॉसेज बंद. बिअर चालू, कारण ती धान्याची आणि हरीणही धान्यच खातं.

कॉफी बंद. हे जड जाणार. किटलीकडे पाठ करून नाश्ता केला. ल्युएला मुद्दाम फुर्रफुर्र करून पीत होती.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

डोकं दुखतं. वास बाहेर पडताना दुखत असणार. जेवणानंतर जरा पडलो तर बाहेर अंधार झालेला. शरीर स्वच्छ झालं की झोप चांगली लागते.

२४ ऑक्टोबर, रविवार

चर्चमध्ये पाद्रीबाबांचं प्रवचन छान झालं म्हणतात. ल्युएलानं मला कोपर मारून उठवलं. मी तिला समजावलं की मी मचाणावर बसायचा सराव करत होतो, निश्चल. पाद्रीबाबा दारात हात मिळवताना म्हणाले, नॉर्व्हल, तुझा सराव तिसऱ्या ओळीपर्यंत ऐकू येत होता.

३१ ऑक्टोबर, रविवार

आज चाचणी. ल्युएलाच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि मी दिवाणखान्यात चूपचाप एका जागी बसलो. वासावरून मला शोधायचं. ती हवेत हुंगत हुंगत फिरली, कंटाळली आणि खुर्चीत येऊन बसली. खुर्चीत मी होतो.

शंभर टक्के यश! ती मात्र टॉवेल सोडून म्हणाली, घरात तुझा वास नाही तर तू कुठे परगावी गेल्यासारखं वाटतं रे. मी म्हटलं, अगं हीच तर प्रगती.

रात्रीपासून मुक्काम गॅरेजमध्ये. घरात स्वयंपाकाचे वास फार.

२ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी गॅरेजमधून बाहेर आलो आणि गस माझ्यावर भुंकला. अकरा वर्षं माझ्या हातचं खाऊन मला ओळखलं नाही त्यानं. डोळे भरून आले. डर्विनला लगेच फोन करून सांगितलं. तो म्हणाला, अरे म्हाताऱ्या, कुत्र्यानं ओळखलं नाही याचा आनंद होणारा तू जगातला पहिलाच. जळतो मेला.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार. कॅम्प

उद्या हंगाम उघडतो. मी, डर्विन आणि मर्ना पोचलो. मर्ना नारळाच्या वासाचं काहीतरी केसांना लावून आलीये. डर्विनबद्दल काय लिहू? तो खोलीत यायच्या आधी सिगार येते, मग कोट, मग तो.

संध्याकाळी सगळे नाक्यावरच्या खानावळीत तळलेला मासा खायला निघाले. शुक्रवार म्हणजे आमच्याकडे माशाचा वार. मी ठाम. ट्रकमध्ये बसून राहिलो, काचा वर करून. सोबत उकडलेला बटाटा. आतून हसण्याचा आवाज. दर वेळी दार उघडलं की तेलाचा वास. या गावात मी जन्मलो, शुक्रवारी मासा खाल्ला नाही असं फक्त गोवर निघाला तेव्हा झालंय.

शेवटी डर्विनच एक ताटली घेऊन बाहेर आला. काच खाली कर म्हणाला. मी नको म्हटलं. तो म्हणाला, बरं, मग मी इथेच उभा राहून खातो. आणि खायला लागला. कुरुम कुरुम.

तीन ताटल्या झाल्या. मासा पाण्यातला जीव, हरणाला तो काय माहीत? शिवाय कोबीची कोशिंबीर झाडपाल्यातच मोडते. तरी खबरदारी म्हणून परत आल्यावर हातपंपाखाली अंग धुतलं. पाणी इतकं गार की माझी आरोळी ऐकून शेजारच्या कॅम्पवरून माणसं विचारायला आली.

२० नोव्हेंबर, शनिवार. पहिला दिवस

उजाडायच्या आधी मचाणावर. पट्ट्यानं स्वतःला झाडाला बांधलं, बंदूक दोरीनं वर ओढून घेतली, मग गोळी भरली. चिमूटभर पावडर हवेत सोडून वारा बघितला. वारा उत्तम. मी उत्तम. डोळ्यांची चमक हरणाला दिसू नये म्हणून डोळे मिटून नुसते कान लावून बसलो.

सकाळ गेली. एकही हरीण नाही. वेळ मात्र भराभर गेला.

डर्विननं सिगार ओढत ओढत खाली एक हरणी मारली. त्या हरणीला सर्दी असणार.

२२ नोव्हेंबर, सोमवार

काही नाही. मर्नालाही एक मिळालं. म्हणते, बाबा, तुझ्या टेकाडाकडूनच आलं ते, तुझ्या अगदी जवळून गेलं असणार. असणार म्हणे. गेलं असतं तर मला दिसलं नसतं का?

दुप्पट सोडा लावला.

२५ नोव्हेंबर, गुरुवार. थँक्सगिव्हिंग

ल्युएला टर्की भाजून कॅम्पवर घेऊन आली. पोटात कांदा, सेजचा वासाचा पाला, लोणी. मी एका कोपऱ्यात बिनमिठाचा बटाटा खाल्ला. सगळे देवाचे आभार मानत होते, मी ओठ हलवले.

दुपारी मचाणावर असताना शिडीखाली खुडबूड. डर्विन! हातात थर्मास. दबक्या आवाजात म्हणाला, नॉर्व्हल, घोटभर कॉफी घे. माझं ऐक. माझ्या जिवाचा संताप झाला. म्हटलं, मचाण हवंय म्हणून ही चाल? महिन्याभराची तपश्चर्या बुडवायला आलास? तो म्हणाला, मला मचाण हवंय रे, पण असं नकोय. थर्मास शिडीच्या पायरीवर ठेवून गेला. मी उतरलो, कॉफी लांब नेऊन ओतली, वर पाचोळा टाकला.

ओतताना वास आला. तिथेच जरा वेळ उभा राहिलो. पाचोळा नीट बसलाय का ते बघत.

२७ नोव्हेंबर, शनिवार

बर्फ पडला. टेकाड पांढरंशुभ्र, शिकारीला याहून चांगला दिवस नाही. दिवसभर बसलो. काही नाही.

अंधारून यायला लागलं तेव्हा डर्विन आणि मर्ना मला न्यायला आले. दोघं शिडीपाशी थांबले आणि एकमेकांकडे बघायला लागले. मी वरून विचारलं, काय झालं? मर्ना म्हणाली, बाबा, आधी तू हलू नकोस, मला फोटो काढू दे. तुझ्या टोपीवर वीतभर बर्फ साचलाय.

खाली उतरून पाहिलं. शिडीभोवती खुरांचे ठसे, आले-गेले, पुन्हा आले. पायरीला लागलेला सोडा चाटलेला. आणि शिडीच्या बुडाशी बर्फ वितळून एक मोठा लांबट खळगा. हरीण बसलं होतं तिथे. नुसतं बसलं नव्हतं, आरामात पाय पोटाशी घेऊन पडलं होतं. मर्नानं हात लावला, म्हणाली, अजून कोमट आहे. तू वर, ते खाली. दोघांची झोप एकदमच झाली की रे.

मी म्हटलं, मी डोळे मिटून कान लावले होते. डर्विन म्हणाला, हो ना, आम्हाला दलदलीपर्यंत ऐकू येत होते तुझे कान.

एक गोष्ट मात्र कोणी नाकारू शकत नाही. माझा वास त्याला आला नाही. अजिबात नाही.

उद्या शेवटचा दिवस.

२८ नोव्हेंबर, रविवार

हे लिहायला हात धजत नाही, पण रोजनिशी म्हणजे रोजनिशी.

पहाटे मी स्वतः डर्विनकडे थर्मास मागितला. त्यानं भरून दिला. वर बसून सगळाच्या सगळा संपवला. इतक्या दिवसांनी! डोळे टक्क उघडे. खार दिसली, सुतारपक्षी दिसला, लांबच्या रस्त्यावरच्या ट्रकचा रंग दिसला. हा माणूस कुठे होता इतके दिवस?

पण सवय गेलेल्या पोटाला एवढी कॉफी सोसत नाही. थोड्याच वेळात अशी वेळ आली की थांबणं शक्य नव्हतं. पट्टा सोडला, शिडी उतरलो, झाडाआड गेलो. बंदूक वर.

आणि तेव्हाच तो आला. शिंगं अशी की मी मोजायचं विसरलो. टेकाडाच्या कडेला उभा. मी कामात, मध्येच थांबता येईना. त्यानं नाक वर केलं, माझ्या दिशेनं हुंगलं. सोडा, पानं, बटाटे, गॅरेजमधल्या रात्री, सगळं त्या वाफाळणाऱ्या बर्फात वाहत होतं. तो पळालाही नाही. सावकाश वळला आणि गेला. मी अर्धवट वळून त्याला बघत राहिलो. बूट भिजला.

संध्याकाळी मचाण सोडलं. बसायची उशी खाली आणली. दोरी डर्विनच्या हातात दिली. वाटलं होतं तो नाचेल. त्यानं दोरी नीट गुंडाळली, टोपी काढली आणि म्हणाला, तुझ्या बापानं बांधलंय, शिडीची तिसरी पायरी सैल आहे ती मी आधी ठोकून घेतो. मग मर्नानं ॲप्रन आणून माझ्या गळ्यात घातला. सॉसेज आणि कांदा परतला. दोनदा वाढून घेतलं. चूल काही वाईट नाही. पण खिडकीतून टेकाड दिसतं.

२९ नोव्हेंबर, सोमवार. घरी

विचार करून साबण कंपनीला पत्र लिहायला घेतलं. कच्चा खर्डा इथेच:

स. न. वि. वि. आपला साबण उत्कृष्ट आहे. हरीण माझ्या पायाशी झोपलं, साक्षीदार दोन. तक्रार काहीच नाही. कृपया याचा सर्वांत मोठा खोका माझा मेव्हणा डर्विन याच्या पत्त्यावर माझ्यातर्फे भेट म्हणून पाठवावा. सोबत एक चिठ्ठी घालावी की चांगल्या परिणामासाठी कॉफी संपूर्ण सोडावी. निदान तीन हंगाम. माझं नाव चिठ्ठीत नको. तो हट्टी आहे, पण छापील गोष्टीवर त्याचा विश्वास आहे.

किती पैसे होतील आणि खोका कधी निघेल ते कळवा. खोका लवकर पाठवा, कारण पुढच्या हंगामाची तयारी तो लवकर सुरू करतो.